शाळा काही दिवस बंद ठेवायची वेळ आली तर: कधी, किती दिवस आणि त्या दिवसांत करायचं काय

साथ आली की शाळेत पहिला प्रश्न हाच येतो, बंद करायची का, आणि पुढच्या पाच मिनिटांत पालकांच्या ग्रुपवर दोन तट पडलेले असतात. एकीकडे म्हणतात आजच्या आज बंद करा, आमचं मूल आम्ही पाठवणार नाही, दुसरीकडे म्हणतात आम्ही दोघंही कामावर जातो, मुलांना ठेवू कुणाकडे. दोघंही आपापल्या जागी बरोबरच असतात. मी बरीच वर्षं वर्गशिक्षिका होते, नंतर हे निर्णय जिथे होतात त्या टेबलावरही बसले, आणि एक गोष्ट मनाशी पक्की झालीये, गेटला कुलूप लावायला पाच मिनिटं लागतात पण त्या कुलपाचा उपयोग होणार की नाही हे त्या दिवसांत मुलं कुठे असतात यावर ठरतं. शाळा बंद आणि मुलं सगळी शिकवणीला, मैदानात, एकमेकांच्या घरी, तर आजार नुसता जागा बदलतो. त्यामुळे खालचं सगळं हे डोक्यात ठेवून वाचा, तुम्ही शाळेत काम करत असाल तरी आणि पालक असाल तरी.

आधी कशासाठी बंद करताय ते एका वाक्यात लिहून काढा. दोनच कारणं असतात खरं तर. एक म्हणजे इतके शिक्षक आणि इतकी मुलं आजारी की शाळा चालवणंच शक्य नाही, मग बंद करणं भागच असतं, त्यात फार चर्चा नको, पण त्याने साथ थांबेल अशी अपेक्षाही ठेवू नका कारण तोवर ती घराघरात पोचलेली असते. दुसरं कारण म्हणजे आजार अजून थोड्याच जणांना झालाय आणि पसरण्याचा वेग कमी करायचाय, म्हणजे सगळे एकाच आठवड्यात आजारी पडून दवाखाने भरून जाऊ नयेत आणि लस किंवा औषधं यायला वेळ मिळावा. इथे लवकर बंद करण्याला सगळी किंमत आहे.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण १९१८ च्या फ्लूचं. अमेरिकेत सेंट लुइस शहराने पहिले रुग्ण दिसल्यावर दोनच दिवसांत शाळा, थिएटरं, सभा सगळं बंद केलं, फिलाडेल्फियाने मात्र साधारण दोन आठवडे लावले आणि मधल्या काळात तिथे मोठी परेडही झाली. पुढे फिलाडेल्फियात सगळ्यात वाईट आठवड्यात लाखामागे नेहमीपेक्षा २५७ जास्तीचे मृत्यू झाले, सेंट लुइसच्या सगळ्यात वाईट आठवड्यात ३१. पण गोष्ट इथे संपत नाही, सेंट लुइसने बंधनं सैल केल्यावर तिथे आकडे पुन्हा वाढले आणि परत बंद करावं लागलं. आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कने शाळा उघड्या ठेवल्या होत्या, कारण तिथे गरीब मुलांची घरं दाटीवाटीची आणि कोंदट होती, शाळा त्यामानाने स्वच्छ आणि मोकळ्या होत्या, आणि मुलांना रोज तपासायला नर्स आणि डॉक्टर होते. म्हणजे बंद करणं हाच एक रस्ता आहे असं समजू नका, मूल घरी जास्त सुरक्षित की शाळेत हे आपल्या शाळेतली मुलं डोळ्यासमोर आणून विचारायचं असतं.

अलीकडचंही थोडं सांगते. इस्राएलमध्ये २००० साली फ्लूच्या मोसमात शिक्षकांचा संप झाला आणि त्या दिवसांत ६ ते १२ वयाच्या मुलांमधले श्वसनाचे आजार ४२ टक्क्यांनी कमी नोंदले गेले, शाळा सुरू झाल्यावर परत वाढले. फ्रान्समध्ये शाळेच्या सुट्ट्यांचा अभ्यास झाला, त्यात मुलांमधला फ्लूचा प्रसार सुट्टीत २० ते २९ टक्के कमी होतो असं दिसलं. याउलट हाँगकाँगमध्ये २००८ ला प्राथमिक शाळा दोन आठवडे बंद केल्या तेव्हा साथ आधीच उतरणीला लागली होती आणि त्या बंदचा समाजातल्या प्रसारावर फारसा परिणाम दिसला नाही. वेळ चुकली की मुलांचे दिवसही जातात आणि हाती काही लागत नाही.

आता कुठल्या आजारात काय. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, कांजिण्यांची दोन मुलं निघाली की लोक शाळा बंद करा म्हणतात आणि फ्लूने अर्धा वर्ग खोकत असतो तेव्हा गप्प असतात.

फ्लूमध्ये शाळा बंदचा उपयोग होऊ शकतो कारण फ्लू पसरवण्यात लहान मुलं पुढे असतात, त्यांच्या अंगात विषाणू जास्त दिवस राहतो आणि ती एकमेकांच्या अंगाला अंग लावूनच वावरतात. गोवर असेल तर तो हवेतून पसरतो, आजारी मूल खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत विषाणू राहू शकतो, आणि पुरळ यायच्या चार दिवस आधीपासूनच ते मूल इतरांना आजार देत असतं. म्हणजे तुम्हाला कळेपर्यंत संपर्क होऊन गेलेला असतो. इथे पूर्ण शाळा बंद करण्यापेक्षा लसीची नोंद काढून बसा, कुणाचे डोस राहिलेत ते बघा, संपर्क आल्यापासून ७२ तासांच्या आत लस दिली तर आजार टळू शकतो, आणि ज्यांना लस नाहीच त्यांना २१ दिवस घरी थांबायला सांगतात. कांजिण्यांमध्ये सगळे फोड सुकून खपली धरेपर्यंत ते मूल घरी. गालगुंडात गाल सुजल्यापासून पाच दिवस घरी. डांग्या खोकल्यात योग्य अँटिबायोटिक सुरू करून पाच दिवस होईपर्यंत घरी. या सगळ्यांत आजारी मूल वेळेवर घरी थांबवणं हेच मुख्य काम आहे.

उलट्या-जुलाबाची साथ वेगळी असते, ती १२ ते ४८ तासांत दिसते आणि वर्गच्या वर्ग एका दिवसात झोपवते. तिथे एक-दोन दिवस शाळा बंद ठेवून सगळं नीट पुसून घेणं कामाचं ठरतं, पण एक लक्षात ठेवा, अशा साथीमागे बऱ्याचदा नोरोव्हायरस नावाचा विषाणू असतो आणि त्याच्यावर सॅनिटायझर फारसा चालत नाही, साबण आणि वाहतं पाणीच लागतं, आणि फरशी, नळ, कड्या पुसायला क्लोरीनवालं ब्लीच. शेवटची उलटी किंवा जुलाब झाल्यापासून ४८ तास मूल घरी. डोक्यात उवा निघाल्या म्हणून मुलाला घरी पाठवायची तर गरजच नसते, त्या मुलाला वर्गासमोर वेगळं काढणं जास्त वाईट.

तर मग कळणार कसं की वेळ आलीये. याला साधनं महाग लागत नाहीत, हजेरीपट लागतो. रोज सकाळी साडेदहाच्या आत प्रत्येक वर्गाने गैरहजर मुलांचा आकडा ऑफिसला द्यायचा आणि पुढे कारण लिहायचं, ताप-खोकला, उलट्या-जुलाब, पुरळ, किंवा गावाला गेलाय. एवढं एक महिना केलं की आपल्या शाळेची नेहमीची गैरहजेरी किती हे समजतं, कारण प्रत्येक शाळेची वेगळी असते, आणि मग एखाद्या दिवशी आकडा वर गेला की अंदाजाने बोलावं लागत नाही. कारण न लिहिलेला नुसता आकडा उपयोगाचा नाही. मी एका शाळेत होते तिथे आम्ही फक्त आकडे लिहायचो, एका वर्गात नऊ मुलं नाहीत हे दिसत होतं पण ती नऊच्या नऊ एकाच व्हॅनने येतात हे चार दिवसांनी कळलं, ते पहिल्या दिवशी कळलं असतं तर बाकीच्या वर्गांना त्रास झाला नसता असं मला आजही वाटतं. म्हणून मुलाच्या नावापुढे भावंड कुठल्या वर्गात आणि येणं-जाणं कशाने, हे दोन कॉलम वाढवा.

आकडा वाढतोय असं दिसलं की त्याच दिवशी आरोग्य विभागाला कळवा. बहुतेक ठिकाणी शाळा बंद करण्याचा अधिकार प्रशासनाकडे असतो, काही आजार कळवणं कायद्याने बंधनकारक असतं, आणि मुख्याध्यापकांनी एकट्याने हा भार अंगावर घेऊ नये. किती टक्के गैरहजेरी झाली की बंद असा सगळीकडे चालणारा आकडा नाहीये, आजार किती गंभीर आहे त्यावर तो बदलतो. आरोग्यवाल्यांना फोन कराल तेव्हा हातात वही ठेवा, ते पहिले प्रश्न हेच विचारतात, किती जण, कुठले वर्ग, पहिला आजारी कधी पडला, कुणाला ॲडमिट करावं लागलंय का.

पूर्ण बंदच्या आधी मधल्या पायऱ्या आहेत त्या वापरून बघा, आजार फार गंभीर नसेल तर बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. आजारी मूल घरी, आणि शाळेत आल्यावर ताप चढलेलं मूल वेगळ्या खोलीत बसवून लगेच पालकांना फोन. खिडक्या उघड्या, प्रार्थना मैदानात किंवा आपापल्या वर्गात, मधली सुट्टी वेगवेगळ्या वेळेला, स्पर्धा आणि स्नेहसंमेलन पुढे ढकललं. एकाच वर्गात केसेस असतील तर तेवढाच वर्ग घरी. पण त्या वर्गातली जी मुलं घरी जाऊ शकत नाहीत त्यांना दुसऱ्या वर्गात बसवायचं नाही, ही चूक फार होते आणि मग वर्ग बंद करून काय मिळवलं असं होतं.

किती दिवस बंद ठेवायचं हा हिशोब आजाराच्या दिवसांवरून करायचा. संपर्क आल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत किती दिवस, आणि आजारी माणूस किती दिवस दुसऱ्याला देऊ शकतो, हे दोन आकडे बघायचे. फ्लूमध्ये लक्षणं १ ते ४ दिवसांत दिसतात आणि माणूस लक्षणांच्या साधारण एक दिवस आधीपासून पुढे ५ ते ७ दिवस आजार देतो, त्यामुळे दोन दिवस शाळा बंद ठेवली तर आज लागण झालेलं मूल नेमकं तिसऱ्या दिवशी तापासकट वर्गात येऊन बसतं. आठवडाभर आणि त्याला जोडून येणारा शनिवार-रविवार असा विचार केला तर त्याला काही अर्थ येतो. परिस्थिती बदलली तर निर्णय बदलायलाही लाजू नका. २००९ मध्ये नवा स्वाइन फ्लू आला तेव्हा अमेरिकेत सुरुवातीला शाळांना १४ दिवसांपर्यंत बंदचा सल्ला दिला होता, आजार वाटला तेवढा घातक नाही असं दिसल्यावर ५ मे ला तो मागे घेतला आणि आजारी मुलांनाच घरी ठेवा असं सांगितलं. माहिती वाढली, सल्ला बदलला, इतकं सरळ.

आणि हे फार महत्त्वाचं, बंदच्या पहिल्याच मेसेजमध्ये उघडण्याची तारीख आणि त्याआधी आढावा कधी घेणार ती तारीख, दोन्ही लिहा. "पुढील सूचना मिळेपर्यंत" असा मेसेज गेला की लोक अंदाज बांधायला लागतात, कुणी महिनाभर सुट्टी समजून मुलांना घेऊन प्रवासाला निघतात आणि आजार सोबत घेऊन जातात. मेसेज साधा असू दे, साधारण असा:

"शाळेत तापाच्या रुग्णांची संख्या वाढल्यामुळे आरोग्य विभागाच्या सल्ल्याने सोमवारपासून रविवारपर्यंत शाळा बंद राहील. शनिवारी आढावा घेऊन संध्याकाळी सहापर्यंत पुढचं कळवू. या दिवसांत मुलांना शिकवणीला, वाढदिवसाला किंवा गर्दीत पाठवू नका. घरी कुणाला ताप आला तर वर्गशिक्षकांना कळवा. ज्यांच्या घरी मुलांना सांभाळायला कुणीच नाही त्यांनी आज दुपारपर्यंत ऑफिसला फोन करा."

आजारी मुलाचं नाव त्यात घालायचं नाही, वर्गाच्या ग्रुपवर तर नाहीच. आणि मेसेज एकाच ठिकाणाहून जाऊ दे, वर्गशिक्षकांनी आपापल्या शब्दांत पाठवला की चार वेगळे अर्थ निघतात.

आता त्या शेवटच्या ओळीबद्दल, कारण खरी मेहनत तिथेच आहे. बंद जाहीर करायच्या आधी एक यादी तयार हवी, शक्यतो वर्षाच्या सुरुवातीलाच. कुणाचे आईवडील दोघंही कामावर जातात, त्यातही कोण दवाखान्यात काम करतं, कारण मुलांना सांभाळायला नर्सबाई घरी थांबल्या तर साथीच्या दिवसांत दवाखान्यात माणूस कमी पडतो. कुणाचं दिवसातलं भरवशाचं जेवण शाळेतच होतं, त्यांना ते बंदच्या काळात घरपोच किंवा ठरलेल्या वेळेला गर्दी न करता कसं देणार. कुणाच्या घरी फोन एकच आहे किंवा नाहीच. आणि कुठल्या मुलाला घरात राहणं सुरक्षित नाही, हे वर्गशिक्षकांना बहुतेक वेळा माहीत असतं, ते मोठ्याने बोललं जात नाही. त्या मुलाला दर दोन दिवसांनी फोन करायचा, अभ्यासाच्या निमित्ताने, आणि आवाजावरून काही वेगळं वाटलं तर ठरलेल्या जबाबदार माणसाला कळवायचं. २०१४-१५ मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोलामुळे गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओनमध्ये सुमारे ५० लाख मुलं कित्येक महिने शाळेबाहेर होती, सिएरा लिओनमध्ये त्या काळात कितीतरी शाळकरी मुली गरोदर राहिल्या आणि नंतर त्यांना शाळेत परत यायलाच बंदी होती, ती बंदी उठली २०२० ला. शाळा म्हणजे काही मुलांसाठी राखणही असते हे बंद करताना विसरू नका.

सांभाळायची सोय करायची झाली तर छोटे, ठरलेले गट करा. तीच पाच-सहा मुलं, तोच मोठा माणूस, रोज तेच. दोन-तीन कुटुंबांनी आळीपाळीने मुलं बघायची असं ठरवलं तर हरकत नाही पण मग त्या गटात रोज नवीन कुणी यायचं नाही. आजी-आजोबांकडे ठेवायची सवय असते आपली, आणि फ्लू, कोविडसारख्या आजारात तेच सगळ्यात जास्त धोक्यात असतात. दुसरा पर्यायच नसेल तर खोली हवेशीर ठेवा आणि मुलाला जरा जरी शिंक-खोकला असेल तर त्या दिवशी तिथे पाठवू नका.

अभ्यासाचं फार अवघड करून ठेवू नका. एक आठवडा बंद असेल तर पूर्ण वेळापत्रक ऑनलाइन चालवायचा अट्टहास कुणाच्याच फायद्याचा नाही, रोज वाचन, थोडी गणितं आणि एक फोन किंवा व्हॉइस मेसेज, पुरे. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांना कागदावर अभ्यास आधीच द्या, शेवटच्या दिवशी दप्तरातच घालून. १९३७ मध्ये शिकागोत पोलिओमुळे शाळा उशिरा सुरू झाल्या तेव्हा रेडिओवरून धडे दिले होते आणि वेळापत्रक वर्तमानपत्रात छापलं होतं, तेव्हाही अडचण तीच होती, ज्यांच्या घरी रेडिओ नाही त्यांचं काय. २०२० च्या एप्रिलमध्ये जगातले सुमारे १६० कोटी विद्यार्थी शाळा-कॉलेजबाहेर होते आणि स्क्रीन नसलेली मुलं मागे पडली, ती तूट किती ठिकाणी अजून भरून निघालेली नाहीये. बंद लांबत गेलं की सगळ्यात आधी हीच मुलं निसटतात, म्हणून मी बंद शक्य तितकं छोटं ठेवा म्हणते.

पालकांसाठी थोडं घरातलं. मुलाला ताप असेल तर भरपूर पाणी, पातळ खाणं, आराम, आणि तापाचं औषध डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात. फ्लू किंवा कांजिण्या असताना मुलांना ॲस्पिरिन देऊ नका, त्याने राइज सिंड्रोम नावाचा दुर्मिळ पण जीवघेणा त्रास होऊ शकतो. श्वास भराभर किंवा ओढून घेतंय, ओठ निळसर दिसतायत, पाणी पीत नाहीये, आठ तास लघवी झाली नाही, झटका आला, उठवलं तरी नीट जागं होत नाही, किंवा बरं वाटून पुन्हा ताप चढला, तर वाट बघत बसू नका, लगेच दवाखान्यात. मूल अगदी ठणठणीत असेल तर घरात कोंडून ठेवायची गरज नाही, मोकळ्या हवेत घरच्यांबरोबर फिरू दे, सायकल चालवू दे, गर्दीत आणि बंद खोलीत दहा मुलं जमवू नका एवढंच.

उघडण्याच्या दिवशी गेटवर सरसकट डॉक्टरांचं सर्टिफिकेट मागू नका. त्याने बरी झालेली मुलं परत दवाखान्यात जाऊन रांगेत बसतात, तिथल्या आजारी लोकांमध्ये, आणि डॉक्टरांचा वेळही जातो. फ्लूसारख्या तापात साधा नियम ठेवा, तापाचं औषध न घेता २४ तास ताप नाही आणि मूल सावरलंय, तर येऊ दे. वर्ग साबणाच्या पाण्याने पुसून, खिडक्या उघडून ठेवलेल्या पुरतात, धुराची फवारणी वगैरे करून खर्च वाढवायची गरज नसते. शंभर टक्के हजेरीचं बक्षीस असेल तर त्या वर्षी ते बंदच करा, कारण त्या बक्षिसासाठी मुलं ताप अंगावर काढून येतात, मी पाहिलंय. परत आलेल्या मुलाला "तुझ्यामुळे शाळा बंद झाली" असं कुणी म्हणत असेल तर वर्गशिक्षकांनी त्याच क्षणी थांबवावं.

पहिल्या दिवशी मुलं थकलेली असतात, लगेच चाचणी घेऊ नका. आणि सकाळचा गैरहजेरीचा आकडा घेणं उघडल्यावर थांबवायचं नाही, शेवटचा नवा रुग्ण दिसल्यापासून त्या आजाराच्या लक्षणं दिसायच्या जास्तीत जास्त दिवसांच्या दुप्पट दिवस तरी चालू ठेवा, म्हणजे फ्लूत आठ-नऊ दिवस, गोवर असेल तर जवळजवळ दीड महिना. त्या वहीत बंद कधी केलं, उघडलं कधी, आधी आणि नंतर किती मुलं आजारी होती आणि कुणाकडे जेवण पोचलं नाही हेही लिहून ऑफिसच्या कपाटात ठेवा, पुढच्या वेळी तिथे कदाचित दुसरंच कुणी बसलेलं असेल.